मशीनला पहिला घास

अहल्याला संग्राम पहिल्या भेटीतच आवडला नाही, आणि संग्रामला अहल्या तर न भेटताच आवडली नव्हती. व्यवहाराची सुरुवात अशी दोन्ही बाजूंनी रोखीत झाली की एक बरं असतं, पुढं गैरसमजाची उधारी ठेवावी लागत नाही.

अहल्या सीए. कुणी कुठल्या कंपनीत पैसे घालायच्या आधी तिला पाठवायचं, तिनं जाऊन हुंगायचं आणि परत येऊन मान हलवायची, हा तिचा धंदा. मान बहुधा आडवीच हलायची. ऑफिसातली पोरं पाठीमागं तिला 'खोडरबर' म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातल्या मनात तिनं ते जमेच्या बाजूला लिहून ठेवलं होतं.

या खेपेचे पैसे मात्र कुणा अशिलाचे नव्हते. ते अण्णांचे होते.

अण्णा म्हणजे विश्वेश्वरराव, तिच्या वडिलांचे धाकटे भाऊ. शहाजीराजांच्या फौजेबरोबर बेंगळुरात आलेलं आपलं घराणं, असं ते ऑटोवाल्यालाही सांगत. फौज गेली, घोडे गेले. उरली ती घरातली मराठी, तीही इतकी वर्षं कानडी चारा खाऊन धष्टपुष्ट झालेली. काकू गेल्यावर अण्णांनी येलहंक्याचं घर विकलं आणि जे. पी. नगरात अहल्याच्या मागच्या गल्लीत भाड्यानं राहायला आले. घराचे सत्तर लाख बँकेत होते. त्यांच्या व्याजावर भाडं, औषधं आणि दोन वेळची कॉफी निघत होती. मूलबाळ नाही. म्हणजे ते सत्तर लाख बुडाले तर अण्णा राहणार कुठं, याचं उत्तर एकच होतं: अहल्याच्या घरातली मागची खोली.

तिनं त्याची चव घेतली होती. भिंतींना ओल आली म्हणून अण्णा एकदा चार दिवसांसाठी तिच्याकडं आले आणि पावसाळा संपल्यावर गेले. वीज वाचवायला ते झोपताना फ्रिज बंद करीत. तिचे फोन उचलून 'ती पूजेत आहे' असं सांगत, आणि तिनं उभ्या जन्मात कधी निरांजन हातात धरलं नव्हतं. अण्णांवर तिचा जीव नव्हता असं नाही. पण मध्ये एक गल्ली असेल तरच टिकणारा तो जीव होता.

तर अशा अण्णांना मराठी मंडळाच्या गणपतीत संग्राम भेटला. संग्राम निपाणीचा. महादेवपुऱ्यातल्या एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरी करता करता त्याला कचऱ्याचं वेड लागलं. जोडीला बैलहोंगलची शिवलीला, मशीनची इंजिनियर. दोघांची भागीदारी सरळ होती. तिनं नट आवळायचे आणि त्यानं बोलायचं. कंपनीचं नाव 'नवघास'. अपार्टमेंटमधला ओला कचरा आणायचा, मशीनच्या दातांत चिरायचा, पिळायचा, ड्रममध्ये घालून त्याचं खत करायचं.

"अण्णा, जगात दुसरा असा धंदा दाखवा," संग्राम म्हणाला होता. "कच्चा माल घ्यायला लोक उलटे आपल्यालाच पैसे देतात! आणि खत झालं की शेतकरी दोन्ही हातांनी पैसे देणार!"

सत्तर लाखांना चौदा टक्के, असा भाव ठरला. वर चेअरमनपद. साहेबाच्या केबिनबाहेरच्या खुर्चीवर ज्यांची सगळी नोकरी गेली, त्या अण्णांच्या हातात संग्रामनं व्हिजिटिंग कार्डांचा डबाच ठेवला. 'विश्वेश्वर राव, चेअरमन.' अक्षरं उठावदार होती, अंगठ्याला लागत. अण्णांचा अंगठा तेव्हापासून त्याच कामाला लागला होता.

आणि खंडेनवमीला, मशीनची पूजा झाली की, चेक.

"तू बघ आणि बरं आहे म्हण," अण्णांनी अहल्याला सांगितलं. कामाचं स्वरूप त्यांनी इतकं स्पष्ट करून दिलं होतं.

खंडेनवमीच्या सकाळी ती अण्णांना घेऊन महादेवपुऱ्यापलीकडच्या त्या शेडवर पोचली. अण्णांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत घरून आणलेला कोहळा.

"तुझं तोंड बघून मशीन बंद पडंल," अण्णा उतरताना म्हणाले. "स्वल्प हास की."

"हसायचे मी वेगळे पैसे घेते."

दारातच संग्राम उभा होता. कपाळाला कुंकू, अंगात नवा कुर्ता. अण्णांच्या तो पाया पडला. अहल्याला त्यानं नमस्कार केला, तोही असा, की वाटेत दिसलेल्या तुळशीला करावा.

"या मॅडम. ऐकून आहे तुमच्याबद्दल."

"मीही तुमच्याबद्दल ऐकून आलेय. म्हणूनच आलेय."

शेडच्या भिंतीला खताची पोती छतापर्यंत रचली होती. अहल्यानं एका पोत्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट त्याला दाखवलं.

"कधीची ही?"

"आठवड्याभरातली."

"एका आठवड्यात एवढं जाळं? कोळी मेहनती दिसतो तुमचा. त्यालाही शेअर दिलेत का?"

संग्रामनं हसायचं ठरवलं होतं, पण ते जमलं नाही. "खताला सीझन असतो मॅडम. ते ऑफिसात बसून कळत नाही."

"शेतकरी दोन्ही हातांनी पैसे देणार होते ना? दोन्ही हात बांधलेत वाटतं सीझनपर्यंत. बरं, सोसायट्या किती?"

"अकरा."

"पैसे देणाऱ्या पाच. बाकी सहा फुकट ट्रायलवर. मी फोन केले."

"आमच्या कस्टमरना तुम्ही फोन केले?"

"नंबर तुम्हीच दिलेत."

"ते दाखवायला दिले होते!" तो ओरडला, आणि ओरडल्यावर आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं.

एक गोष्ट अहल्यानं सांगितली नाही. त्या पाच सोसायट्या महिन्याच्या महिन्याला पैसे चुकते करत होत्या, तेही कुरकुर न करता. एका सोसायटीच्या सेक्रेटरीणबाई तर म्हणाल्या होत्या, ही गाडी बंद झाली तर मी गेटवर आडवी पडेन. ड्रमचं झाकण उघडल्यावर तिच्या नाकाला कुजका वास आला नाही. पाऊस पडून गेलेल्या बागेचा आला, आणि तिनं झाकण जरा घाईनंच लावलं. अशील परका असता तर ती म्हणाली असती: थोडे घाला, बेतानं घाला, पण घाला. परक्या अशिलाला मागची खोली द्यावी लागत नाही.

"निवडायची गरजच नाही," संग्राम आता अण्णांना सांगत होता. मशीनकडं कचरा नेणाऱ्या पट्ट्यावर टांगलेल्या जाडजूड चुंबकाखाली त्यानं रुपयाचं नाणं टाकलं. नाणं चटकन वर जाऊन चिकटलं. "खिळा, बूच, नाणं, जे येईल ते वर. मशीनच्या दातापर्यंत लोखंडाचा कणसुद्धा जात नाही."

"तेवढ्यावर भागत नाही, हे मी दहादा बोलले," मशीनमागून शिवलीलाचा आवाज आला. ती मशीनला झेंडूचा हार बांधत होती, पण गाठ अशी आवळत होती की गळा कुणाचा आहे याबद्दल शंका यावी. "पट्टा थांबवणारा डिटेक्टर पाहिजे. पण यांना आधी व्हिजिटिंग कार्डं छापायची असतात."

"शिवलीला, पाहुणे आलेत."

"दिसतात मला."

तेवढ्यात संग्रामला भटजींचा फोन आला, ते रस्ता चुकले होते. तो बोलत बाहेर गेला, अण्णा कार्डाची अक्षरं चाचपत खुर्चीवर बसले, आणि अहल्या पट्ट्याजवळ एकटी उरली. तिनं पर्स उघडली. सवय. रुपयाचं नाणं धरलं, चिकटलं. दोनचं चिकटलं. मग पाचचं धरलं, ते पिवळं, आणि ते खाली पट्ट्यावर पडलं. पुन्हा धरलं. पुन्हा पडलं. दहाचंही पडलं. चुंबकाला कंजूष माणसाचं नाणं कळत होतं, सढळ हाताचं कळत नव्हतं.

तिनं नाणी पर्समध्ये टाकली. अहवालातलं एक चांगलं वाक्य झालं, असं तिला वाटलं. त्या क्षणी तेवढंच वाटलं, हे तिच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

भटजी आले, पूजा झाली. मग कोहळा. बेंगळुरात खंडेनवमीला दुकान असो, गाडी असो, कारखाना असो, त्याच्यापुढं कोहळा फुटल्याशिवाय नवमी पार पडत नाही. वरून टोपी कापायची, आत कुंकू आणि नाणी घालायची, दृष्ट काढून जमिनीवर आपटायचा. लाल गर चहूकडं उडतो आणि नाणी ज्याला सापडतील त्याची. रुपयाची चिल्लर घालणारे लोक अण्णांना माणसांत गणायला नको वाटत. ते पाचचीच नाणी घालत, चिंचेनं घासून लख्ख केलेली. नवमी म्हणून नऊ.

कोहळा फुटला. कामगार हसत हसत गरात बोटं घालू लागले.

"सात!" अण्णा मोजत होते. "अजून दोन आहेत रे, हुडका!"

"राहू देत अण्णा," संग्राम फावडं घेऊन पुढं आला. त्याचा एक डोळा अण्णांच्या खिशातल्या चेकबुकावर होता. "तुमच्या हातचा कोहळा, आमच्या मशीनला पहिला घास! नाण्यांचं काय, चुंबक आहे की."

"आज हत्यार चालवत नाहीत," शिवलीला म्हणाली.

"गाडी नाही का लिंबावरून पाऊलभर पुढं घेत? तसं. दोन मिनिटं."

लाल गराचा ढीग पट्ट्यावर पडला. पट्टा सुरू झाला. अहल्याला त्या गरात काहीतरी पिवळं चमकल्यासारखं झालं आणि पुन्हा गरात बुडालं. 'थांबा, चुंबक पाचचं नाणं धरत नाही.' वाक्य तिच्या तोंडात तयार होतं, व्याकरणासकट. तिला बंद फ्रिज आठवला. नासलेलं दूध आठवलं. तिनं पर्सची चेन लावली.

आधी कटकन आवाज झाला. मग असा, की पत्र्याच्या शेडचा दात कुणी उपटतंय. शिवलीलानं लाल बटणावर पंजा मारला. मशीन हार घातलेल्या मानेनं दोनदा थरथरलं आणि गप्प झालं.

"अय्यो," कुणीतरी म्हणालं.

शिवलीलानं झाकण उघडलं, कोपरापर्यंत हात घातला आणि काढून सगळ्यांपुढं धरला. तळहातावर पाचचं नाणं, द्रोणासारखं मुडपलेलं.

"शाफ्ट वाकला. दोन ब्लेडं गेली."

"लेथवाल्याला फोन लाव!"

"कुठल्या? अख्ख्या पीण्या इंडस्ट्रियल एरियात आज लेथांना हार घातलेत. उद्या दसरा, परवा रविवार. आणि उद्या सकाळपासून गावभरचे केळीचे खांब, फुलं, कोहळे गाडीत भरून येणार. कुठं ओतायचे? तुमच्या नव्या कुर्त्यावर?"

पैसे देणाऱ्या त्या पाच सोसायट्या तीन दिवस कचरा दारात ठेवून वाट पाहणार नव्हत्या, हे न बोलताही सगळ्यांना कळलं. संग्रामचा चेहरा उतरला. उतरलेला चेहरा मग तापला आणि त्यानं तो अण्णांकडं वळवला.

"पाच पाचची नाणी घालायला कुणी सांगितलं होतं? शोभेसाठी? ही तुमची बेंगळुरी थेरं! आमच्याकडं एक नारळ फोडला की संपलं!"

झालं, अहल्याला वाटलं. आता शहाजीराजांची फौज उठणार, चपला घालणार आणि चेकबुकासकट घरी जाणार. ती गाडीची किल्ली शोधू लागली.

पण अण्णा उठले नाहीत. ते बसल्या जागी पांढरे पडले होते.

"खंडेनवमीला," ते म्हणाले, "माझ्या हातानं दुसऱ्याचं हत्यार मोडलं." पुन्हा तेच म्हणाले. मग त्यांनी खिशातून चेकबुक काढलं. "हे भरून दिल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही. भाव नाही, टक्के नाहीत. सत्तर घे बाबा. सगळे घे."

संग्रामचा आवाज एका दमात बदलला. "अण्णा, तुम्ही मोठे आहात, मी रागात बोलून गेलो..." बोलता बोलता त्यानं टेबलावरची फुलं बाजूला सारून चेकबुकाला जागाही करून दिली.

अहल्याच्या डोक्यात हिशेब झाला. आयुष्यात इतका महाग हिशेब तिचा कधी चुकला नव्हता. जे वाचवायला ती गप्प बसली, तेच तिच्या गप्प बसण्यानं निघालं होतं, आणि मघाशी चौदा टक्के तरी मिळत होते. अण्णांनी तारीख लिहिली. नाव लिहिलं. पेन आकड्याच्या चौकोनाशी आलं.

"अण्णा, पेन खाली ठेवा. मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"चुंबक पाचचं नाणं धरत नाही. तुम्ही खुर्चीवर बसला होता तेव्हा मी करून पाहिलं. कोहळा पट्ट्यावर गेला तेव्हा मला ठाऊक होतं. बोलले नाही."

भटजींनी दक्षिणेचा विषय पुढं ढकलला.

अण्णांनी तिच्याकडं बरंच बघितलं. मग पेनाला टोपण लावलं, चेक टरकावून फाडला आणि त्याचे तुकडे नीट खिशात घातले.

"सरी, बरं," ते म्हणाले. त्यांच्या गालावर रंग परत येत होता. "मग पाप तुझं."

"म्हणजे तुम्ही आमचं मशीन मारलंत!" संग्राम तिच्या अंगावर धावून आला, पण शिवलीला मध्ये उभी होती. "बघत उभ्या राहिलात! कसली सीए तुम्ही? आमच्या गावात विहिरीत विष टाकणारीला..."

"विष कोहळ्यात होतं, आणि घास तुम्ही भरवलात. निवडायची गरजच नाही म्हणून." अहल्या शिवलीलाकडं वळली. "खर्च किती?"

"शाफ्ट, ब्लेडं, डिटेक्टर. तीन दिवस कचरा हलवायला लॉऱ्या, सणाच्या दरानं. दोन लाखांच्या आत नाही."

"देते. पण दान देत नाही मी कुणाला. एक टक्का."

संग्राम हसला. दिवसभरातलं त्याचं पहिलं खरं हसू. "दोन लाखांना? तुमच्या अण्णांना लावलेल्या भावानं अर्धासुद्धा होत नाही!"

"तो चालत्या मशीनचा भाव होता. आता मशीन मोडलंय."

"मोडलं कुणी?"

"भाव करताना मोडलंय एवढंच बघतात. कुणी, ते नंतर पोलीस बघतात. बोलवा हवं तर. आधी चुंबकाचं त्यांना समजावून सांगा."

 शिवलीला हाताचं कुंकू आणि ग्रीस पुसत अहल्याकडं बघत होती, घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाच्या पिशवीकडं भाजीवाली बघते तशी.

"दे," ती संग्रामला म्हणाली.

"वेडी झालीस?"

"ही बाई पाप फेडायला पैसे देते, पण शेअर मागून घेते. माल खोटा असता तर नुसते पैसे फेकून पळाली असती. सगळं हुंगून झालंय तिचं." मग अहल्याला, "एक टक्का घ्या. पण नाव लागणार. भागीदारांच्या यादीत सगळ्यात वर. उद्यापासून ज्याच्या ज्याच्या दारात पैसे मागायला जाऊ, त्याला सांगणार: खोडरबरबाईंनी स्वतःचे घातलेत."

ते नाव इथपर्यंत पोचलेलं होतं तर. अहल्याला आपले सगळे अशील डोळ्यांपुढं दिसले. पंचवीस वर्षं मान आडवी हलवून जी पत कमावली, ती हे दोघं आता दारोदार उभी हलवत फिरवणार.

"नाव नको. अर्धा टक्का द्या."

"नाव नसेल तर अर्धाही नाही. अण्णा बसलेत अजून," शिवलीला म्हणाली. "त्यांचं पेनही आहे."

अहल्यानं फोन काढला आणि जागच्या जागी दोन लाख पाठवले. पावती लिहून देताना संग्रामनं कागद असा दाबला की अक्षरं मागं उमटली. निरोप कुणी कुणाचा घेतला नाही. निघताना शिवलीलानं ते मुडपलेलं नाणं तिच्या हातावर ठेवलं. "ठेवा. आमच्या चुंबकाला नको होतं."

सिल्क बोर्डच्या कोंडीत गाडी अडकली. समोरच्या प्रत्येक ट्रकच्या नाकावर केळीचा खांब होता.

"कोहळा माझा होता," अण्णा अचानक म्हणाले.

"हो."

"नाणी माझी."

"हो अण्णा."

"मग त्या टक्क्यात माझं काय?"

"पाप माझं म्हणालात ना मघाशी?"

"पाप तुझंच. मी कोहळ्याचं बोलतोय."

 तिनं मुडपलेलं नाणं त्यांच्या मांडीवर टाकलं. अण्णांनी ते उलटसुलट करून पाहिलं, पानासारखं चोळून सरळ करायचा प्रयत्न केला आणि खिशात घातलं. मग चेअरमनचं एक कार्ड काढलं, उलटं केलं, गुडघ्यावर ठेवलं आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर लिहू लागले. जे. पी. नगर येईपर्यंत त्यांचं लिहिणं चाललं होतं.

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी तिनं गाडी थांबवली. अण्णांनी उतरून कार्ड तिच्या हातात दिलं.

"तू बोलायला पाहिजे होतंस," ते म्हणाले. "चुंबकाचं. तेव्हाच."

"बोलले असते तर आत्ता चेक गेला असता."

"तेही आहे," अण्णा म्हणाले, आणि मागं न बघता चालू लागले.

अहल्या गाडीतच बसून राहिली. पहिल्या मजल्यावर अण्णांच्या खोलीतला दिवा लागला, भाड्याच्या खोलीतला, व्याजावरचा. मग तिनं कार्ड उजेडात धरलं. कोहळा ऐंशी, नाणी पंचेचाळीस, कुंकू वीस, कापूर दहा. बेरीज एकशे पासष्ट.

तिनं पुन्हा मिळवून पाहिलं. दहानं चुकली होती, त्यांच्या बाजूनं. तिनं पेन शोधलं, आकडा खोडला आणि खाली खरा लिहिला.